हाताशी खटका

माझा साडू मला पाण्यात पाहतो आणि मी त्याला. दोन्ही घरांत हे लहानथोरांना ठाऊक आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. धाकट्या मेहुणीचं लग्न होऊन पंधरा दिवस झाले असतील, सगळे एकत्र जेवायला बसलो होतो, आणि या नव्या जावयाने भरल्या ताटावर मला विचारलं, "तुम्ही अजून वायरमनकीच करता का?" मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन आहे, माझं स्वतःचं गॅरेज आहे. वायरमन म्हटल्याचं मला काही वाटलं नाही, पण ते 'अजून' जे घशात अडकलं ते एकोणीस वर्षांत खाली उतरलेलं नाही.

तो स्वतः विमा कंपनीत आहे. जळालेल्या गाड्या बघायला जातो, फोटो काढतो आणि कारणाच्या रकान्यात 'वायरिंगमधील दोष' लिहून मोकळा होतो. गाडीवर वीज पडली तरी हा तेच लिहील. घरात त्याला साहेब म्हणतात आणि मला मिस्त्री. ही नावं आमच्या सासूबाईंनी ठेवली आहेत, तीही दोघांच्या तोंडावर.

सासूबाईंना आम्ही दोघंही आई म्हणतो. आईंनी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये बोर्डावर काढली. कानाला हेडफोन, समोर भिंतभर भोकं आणि हातात पिना, कोणाचा फोन कुणाला जोडायचा हे त्यांच्या बोटांवर चालायचं. दोन माणसं लाईनवर भांडायला लागली की त्या गुपचूप पिन काढून घेत, आणि तक्रार आली की लाईन खराब आहे म्हणून सांगत. हा किस्सा त्यांनी आम्हाला पन्नासदा सांगितला असेल. मी दर वेळी हसलो आहे, पण नीट ऐकला मात्र एकदाही नाही.

दोन वर्षांपूर्वी आईंच्या फुप्फुसांनी हात टेकले. तेव्हापासून त्या एका यंत्रावर आहेत. ते यंत्र प्रवासी बॅगेएवढं आहे, खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन गाळतं आणि नळीने नाकात सोडतं. ते बंद पडलं की पंधरा-वीस मिनिटांत आईंचे ओठ निळे व्हायला लागतात. यंत्राच्या पोटात त्याची स्वतःची बॅटरी आहे, पण ती म्हातारी झाली आहे, जेमतेम दहा मिनिटं तग धरते.

आईंनी आपलं दोन खोल्यांचं घर सोडून साहेबांकडे राहायला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे बायकोने मेहुणीला फोन केला, मेहुणीने साहेबांच्या हातात फोन दिला आणि तिघांनी मिळून ठरवलं. साहेबांकडे लिफ्ट आहे, एक खोली रिकामी आहे, दवाखाना पाच मिनिटांवर आहे. आमचं घर गॅरेजच्या वर, बावीस लोखंडी पायऱ्या, आणि त्याही अशा खड्या की सामान वर न्यायचं तर मी दोनदा विचार करतो. फोन संपल्यावर बायकोने माझं मत विचारलं. मी म्हटलं, माझं काय, गाडीत यंत्र चालवायचं असेल तर वायरिंगचं सांगा.

वायरिंगचं काम आलंच. प्रवास पाच तासांचा, गाडी साहेबांची. गाडीतलं सिगारेट पेटवायचं सॉकेट असल्या यंत्राला पुरत नाही, त्याचा फ्यूज उडतो आणि नाही उडाला तर वायर तापते. त्यासाठी बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढायची, तिला बॅटरीपासून एका वितीच्या आत फ्यूज लावायचा आणि मागे यंत्राजवळ नवं सॉकेट बसवायचं. मधे एक रिले. रिले म्हणजे वॉचमन समजा. किल्लीकडून येणाऱ्या बारीक वायरने हुकूम दिला की तो 'टक' करून जाड वायरीचं दार उघडतो, हुकूम थांबला की 'टक' करून बंद करतो. गाडीची किल्ली फिरवली की यंत्र चालू, काढली की बंद. बॅटरी उतरत नाही आणि कुणी विसरलं तरी काही जळत नाही.

साहेब आदल्या दिवशी दुपारी गाडी घेऊन गॅरेजवर आला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, की माझ्या नव्या गाडीला भोक पाडायचं नाही. मी म्हटलं, मग वायर खिडकीतून आत घेऊ का, वर कपडेही वाळत घालता येतील. त्याने व्हिडिओ बघितले होते. त्याला रिले नको होता, बॅटरीपासून सरळ लाईन हवी होती, म्हणजे गाडी बंद असली तरी यंत्र चालेल. मी म्हटलं, अशाच सरळ लाईनींमुळे तुम्हाला रोज फोटो काढायला गाड्या मिळतात. त्यावर तो म्हणाला की गाड्या जाळणारे सगळे मिस्त्री हेच सांगतात. माझ्या हातात पक्कड होती. ती मी खाली ठेवली, हे माझं मोठेपण समजा.

खरी जुंपली ती खटक्यावरून. आमच्यात एरवीही खटके उडतात, इथे तर बसवायचाच होता. माझा एक नियम आहे, मी कुणाच्याही गाडीत काहीही बसवलं तरी पाळतो: ज्याचं यंत्र, त्याच्या हाताशी खटका. दिवा असो, पंखा असो, जो माणूस ते वापरतो त्याला ते स्वतःच्या हाताने बंद करता आलं पाहिजे. किल्लीची बारीक वायर मी थेट रिलेकडे न नेता आधी मागच्या दारापर्यंत नेली आणि दाराच्या हातावर, म्हणजे कोपर टेकतो त्या कठड्यावर, आई बसणार होत्या तिथे, एक लहान खटका बसवला. साहेब म्हणाला की म्हाताऱ्या माणसाच्या हातात हे कशाला, चुकून हात लागेल. मी म्हटलं, त्यांनी बत्तीस वर्षांत जेवढी बटणं दाबली तेवढे तुम्ही फॉर्म भरले नसतील.

मग वर-खाली. घरातल्या भिंतीवर खाली दाबलं की दिवा लागतो, म्हणून मी खटका तसाच बसवला, खाली म्हणजे चालू. साहेबांच्या व्हिडिओत वर म्हणजे चालू होतं. त्याने मला खटका उलटा करायला सांगितला, मी केला नाही. तो तडक आईंच्या घरी गेला आणि त्यांना आधीच सांगून आला की वर म्हणजे चालू. संध्याकाळी मी गेलो आणि सांगितलं, खाली म्हणजे चालू. आई खिडकीशी बसल्या होत्या, मागे बायको भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"दोघांपैकी एकाने ठरवा, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "माझं काय, मी दोन्हीकडे दाबून बघेन."

मी त्यांना माझा नियमही सांगितला, जरा रुबाबातच. त्यांनी तो ऐकून घेतला आणि मान डोलावली. खोलीतलं अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. त्यांच्या तोंडावर तेव्हा काय होतं हे आठवायचा मी नंतर पुष्कळ प्रयत्न केला. पण मी त्या वेळी खटक्याबद्दल बोलत होतो.

सकाळी आठला निघालो. मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, यंत्र अडलं तर तो माणूस फोटो काढेल, दुसरं काय करेल, तुम्ही जा. साहेब गाडी चालवायला, मी त्याच्या शेजारी, आई मागे एकट्या, यंत्र त्यांच्या सीटमागे डिकीत पट्ट्याने बांधलेलं. निघताना साहेबांनी आईंकडून घराची किल्ली मागून घेतली, म्हणजे हरवायला नको, आणि आपल्या गाडीच्या जुडग्यात अडकवली. एवढी नवी गाडी, पण बटणाने सुरू होणारी वरची जात काही त्याने घेतली नव्हती. त्यामुळे आईंच्या घराची ती पितळी किल्ली सगळा रस्ता स्टेअरिंगखाली हेलकावे खात होती, आईंच्या डोळ्यांसमोर.

पहिला तास बरा गेला, कारण कुणी बोललं नाही. मग गाव मागे पडलं आणि साहेबांना वाचा फुटली. बॉनेटमधून वायर आत घेताना मी जे भोक वापरलं होतं तिथून आता पाणी शिरेल, असं त्याचं म्हणणं. ते भोक कंपनीचंच होतं, रबरी बूच बसवलेलं, मी फक्त त्या बुचातून वायर सरकवली होती. हे मी त्याला तीनदा सांगितलं. तो म्हणाला की गाडीची वॉरंटी गेली तर जबाबदारी कोण घेणार. मी म्हटलं, पाणी शिरलं तर कारणाच्या रकान्यात तुमचं आवडतं वाक्य लिहा.

तेवढ्यात मागून यंत्राची शिट्टी वाजली. वीज तुटली की ते असं ओरडतं आणि नारिंगी दिवा लावून स्वतःच्या बॅटरीवर जातं. साहेबांनी गाडी बाजूला घेतली आणि शहाण्याने किल्ली काढून हातात घेतली. मी ओरडलो की किल्ली राहू द्या, इंजिन चालू ठेवा. बॉनेट उघडलं, फ्यूज बघितला, धडधाकट. वायरीला टेस्ट लॅम्प लावला, बॅटरीकडून वीज येत होती. आत येऊन रिलेपर्यंत हात घालतो तोवर शिट्टी थांबली आणि यंत्र पुन्हा घुरघुरायला लागलं. मागे जाऊन बघितलं, खटका खाली, चालूच.

"आई, याला हात तर लागला नाही ना?" मी विचारलं.

त्या बाहेर बघत होत्या. "लाईन खराब असेल," त्या म्हणाल्या.

साहेब हसला. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. माझी कानशिलं तापली. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हाताचा जोड सुटलेला नाही. लोक गाड्या विकतात तेव्हा, वायरिंग याने केलंय, असं सांगून विकतात. आणि याच माणसासमोर, याच गाडीत तोंडघशी पडायचं होतं.

अर्ध्या तासाने दुसऱ्यांदा तेच. त्या वेळी आमचं बोलणं माझ्या पायऱ्यांवर आलं होतं. साहेब म्हणाला, की खरं तर थोरल्या लेकीकडेच जायचं असतं, पण काही जणांच्या घराला जिना आडवा येतो. मी म्हटलं, आठवड्यात चार दिवस बंद असलेल्या लिफ्टचा टेंभा मिरवू नका. तो म्हणाला, की निदान आम्ही हो तरी म्हटलं. मी त्याला जे बोललो ते आईंसमोर बोलायचं नव्हतं. शिट्टी वाजली. गाडी एका वजनकाट्याच्या फाटकासमोर थांबली, ट्रकवाले बघायला लागले, आणि मी पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं. या वेळी साहेब फोन घेऊन उभा राहिला आणि माझा व्हिडिओ काढायला लागला. दोघी बहिणींना पाठवायला, म्हणाला, म्हणजे नंतर वाद नको. आणि पुन्हा माझा हात रिलेपर्यंत पोचायच्या आत यंत्र आपोआप सुरू झालं.

आता मात्र माझं पित्त खवळलं. जोड ढिला असेल तर तो खड्ड्यात सुटतो, गुळगुळीत रस्त्यावर नाही. आणि हा जोड दोन्ही वेळा सुटला होता तो मी तोंड उघडल्यावर. गाडी सुटली तसा मी पुढे वाकलो, डॅशबोर्डखाली हात घातला आणि रिले मुठीत धरून बसलो. साहेबांनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, नाडी बघतोय.

वीसेक मिनिटं मी तसाच वाकून बसलो. कंबर मोडायला आली. साहेब काहीतरी बोलत होता, आईंच्या घराचं पुढे काय करायचं, कुलूप लावून ठेवण्यात अर्थ नाही, सामान कुणाकुणाला द्यायचं. मी म्हटलं, कपाटाला हात लावायचा नाही, ते माझ्या बायकोने मागितलंय. आणि माझ्या मुठीत 'टक' झालं. मी रिले तसाच धरून मान मागे वळवली.

आईंचं बोट खटक्यावर होतं. खटका वर होता. शिट्टी वाजत होती आणि त्या माझ्याकडे बघत होत्या, अजिबात न चपापता.

"लाईन खराब नाही, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "मी तोडते."

साहेबांनी गाडी थांबवली. काय झालं ते मी त्याला सांगितलं. त्याला आधी खरंच वाटेना, मग तो मागे वळून आईंना लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागला, की आई, वर म्हणजे बंद, खाली करा, मिस्त्रींनी उलटं बसवलंय. आईंनी बोट हलवलं नाही.

"मला कळतं," त्या म्हणाल्या. मग श्वास घेतला. "गाडी वळवा. वळवलीत की चालू करते."

साहेबांनी लिफ्ट सांगितली, दवाखाना सांगितला, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, खोलीला नवे पडदे लावले तेही सांगितलं. यंत्राचा नारिंगी दिवा लुकलुकत होता. मी घड्याळ बघितलं. आईंची छाती वरखाली होत होती, तरी त्यांनी त्याचं सगळं बोलणं संपू दिलं.

"फोन झाले ते तुम्हा तिघांत झाले," त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्षं मी लोकांचे फोन जोडले." त्या थांबल्या. "माझ्याबद्दलच्या फोनवर मला कुणी जोडलं नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. एकोणीस वर्षांत एकाच वेळी आम्ही एकमेकांकडे असं बघितल्याचं मला आठवत नाही.

मग साहेब उतरला आणि मला खुणेने बाहेर बोलावलं. डिकीमागे जाऊन तो हळू आवाजात म्हणाला, की हा खटका मधून काढता येईल का. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मिस्त्रीला विचारावं तसं त्याने विचारलं होतं.

"दोन वायरी एकमेकींना जोडल्या की झालं," मी म्हटलं. "दोन मिनिटांचं काम."

तेव्हा मला नाही म्हणता आलं असतं. वेळ लागेल, हत्यारं नाहीत, काहीही सांगता आलं असतं. आईंना मरायचं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मरायचं असतं तर नाकातली नळी काढायला खटका लागत नाही. नळी त्यांनी जागची हलू दिली नव्हती, आणि दोन्ही वेळा स्वतःहून खटका खाली केला होता. त्यांना फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं. गाडी वळवायची आणि घरी जाऊन चौघांनी बसून त्यांना विचारायचं, एवढंच होतं.

पण गाडी वळली असती तर ती शेवटी माझ्या जिन्यापाशी येऊन थांबली असती. एकटं राहणं त्यांना झेपत नाही हे खरंच होतं, साहेबांकडे जायचं नाही हे त्यांनी सांगितलंच होतं, मग उरलो मी. बावीस पायऱ्या, खाली गॅरेजचा धूर, वर दोन खोल्या, आणि त्यातली एक आईंची. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, डिकीला टेकून उभा असताना, त्या दोन मिनिटांत. मी साहेबांना पाण्यात पाहतो ते त्याने हो म्हटलं म्हणून नव्हे, पण त्या दिवशी त्याने हो म्हटलेलं होतं आणि मी नव्हतं.

मी हत्यारांची पिशवी घेतली आणि मागचं दार उघडलं. दाराच्या हातावरचे दोन स्क्रू काढायचे तर आईंचा हात आड येत होता.

"हात जरा बाजूला घ्या, आई," मी म्हटलं.

त्यांनी घेतला नाही. मी तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. हलका होता, गार होता. त्यांनी जोर केला नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी पेचकस लावला, आणि तेव्हा त्या म्हणाल्या, "ज्याचं यंत्र, त्याच्या हाताशी खटका. तुम्हीच म्हणाला होतात ना?"

मी स्क्रू काढले. दाराच्या आत अंधार होता, साहेबांनी न सांगता फोनचा दिवा लावून धरला. "असा धरू का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, थोडा खाली. त्याने थोडा खाली धरला. मी दोन्ही वायरी तोडल्या, टोकं सोलली, पीळ दिला, वर टेप गुंडाळली. पुढे डॅशबोर्डखाली 'टक' झालं आणि यंत्राचा दिवा हिरवा झाला. साहेबांनी मोठा श्वास सोडला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"मानलं तुम्हाला, मिस्त्री," तो म्हणाला.

हे ऐकायला मी एकोणीस वर्षं थांबलो होतो. मला माझी लाज वाटली. खटका मी पुन्हा त्याच भोकात बसवला, कारण मोकळं भोक साहेबांना नको होतं, आणि दोन्ही स्क्रू आवळले.

पुढचा रस्ता मजेत गेला. म्हणजे साहेब आणि मी गप्पा मारल्या. टायर कोणते चांगले, पेट्रोलची घ्यावी की डिझेलची, त्याच्या ऑफिसातल्या वरिष्ठाचा स्वभाव, माझ्या एका गिऱ्हाइकाने सीटखाली लपवलेला उंदराचा सापळा. तो हसला, मीही हसलो. वाटेत एका ठिकाणी थांबून त्याने स्वतः चहा आणला आणि आधी मला दिला. आईंनी घेतला नाही. पुन्हा निघाल्यावर मागून आवाज यायला लागला, टक. मग थोड्या वेळाने पुन्हा, टक. मी वळून बघितलं नाही. यंत्र घुरघुरत होतं, पितळी किल्ली हलत होती, आणि मागे आई खटका वर करत होत्या, खाली करत होत्या. बोलता बोलता साहेब एकदा थांबला, मग त्याने काच खाली केली आणि वाऱ्याच्या आवाजात पुढे बोलायला लागला.

एकच्या सुमाराला पोचलो. लिफ्ट चालू होती. मेहुणी धावत खाली आली, आईंच्या गळ्यात पडली, प्रवासात त्रास झाला नाही ना म्हणून विचारलं. साहेबांनी माझ्या कामाची तोंड भरून स्तुती केली आणि गाडी चालूच ठेवून पिशव्या घ्यायला डिकीकडे वळला. वरच्या खोलीत भाड्याने आणून ठेवलेलं दुसरं यंत्र सुरू करायला मेहुणी वर पळाली. तेवढ्या वेळात मागच्या दाराशी मी आणि आई दोघंच होतो. त्या अजून बसलेल्या होत्या, बोट खटक्यावर.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "आता खाली म्हणजे काय?"

"चालू, आई."

"आणि वर म्हणजे?"

मी खाली बघितलं. "चालूच."

त्यांनी मान डोलावली, माझा नियम सांगितला तेव्हा डोलावली होती तशीच. "मग तो काढून न्या," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला तरी लागेल."

मी पेचकस आणला आणि त्यांच्यासमोर काढला. साहेबांच्या नव्या गाडीच्या दारात त्या जागी आता भोक आहे आणि त्याबद्दल तो एका शब्दाने बोललेला नाही. सणसमारंभ नसला तरी तो हल्ली मला फोन करतो, गाडीचं काही विचारतो, मी सांगतो. आई तिथेच आहेत. बायको बोलते त्यांच्याशी, फोन माझ्याकडे द्यायला त्यांनी कधी सांगितलेलं नाही.

खटका माझ्या गॅरेजच्या ड्रॉवरमध्ये आहे. चांगला आहे, नवाच आहे, एक दिवसही नीट वापरलेला नाही. अजून कुणाच्या गाडीला लावलेला नाही.